‘सबब डिस्चार्ज प्रलंबित’: राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण, महाराष्ट्र;
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग;
मा. सचिव, दिव्यांग कल्याण विभाग

सन्माननीय महोदय / महोदया,

राज्यातील एका शासकीय मनोरुग्णालयात मी सव्वीस वर्षे समाजसेवा अधीक्षक म्हणून काम केले. या काळात मी जे सर्वाधिक वेळा लिहिले ते एकच वाक्य आहे : ‘रुग्ण औषधोपचाराने स्थिर असून नातेवाईक नेण्यास तयार नाहीत, सबब डिस्चार्ज प्रलंबित.’ एका बाईंच्या फाइलवर हा शेरा मी लागोपाठ अकरा वर्षे, दर वर्षी एकदा लिहिला. कार्यालयीन मराठीत ‘सबब’ म्हणजे ‘त्या कारणाने’, आणि घरातल्या मराठीत ‘सबब’ म्हणजे न केलेल्या कामासाठी सांगितलेले निमित्त. मी नोकरीत होते तोवर पहिला अर्थ धरून लिहीत गेले. निवृत्तीनंतर मागे वळून पाहताना दुसरा अर्थच अधिक खरा वाटतो. हे पत्र त्या एका शब्दाबद्दल आहे.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २०१८ पासून लागू आहे आणि त्याच्या कलम १९ ने ही सबब काढून घेतली आहे. केवळ कुटुंब नाही, कुटुंबाने स्वीकारले नाही, राहायला घर नाही किंवा समाजात तशा सुविधा उपलब्ध नाहीत, एवढ्याच कारणावरून कोणत्याही व्यक्तीला मानसिक आरोग्य आस्थापनेत राहावे लागणार नाही, असे ते कलम सांगते. यातले शेवटचे कारण मुद्दाम पुन्हा वाचावे अशी विनंती आहे. शासनाने सुविधा उभारल्या नाहीत, हेसुद्धा माणसाला आत ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही, असे कायदा म्हणतो. आणि त्याच कलमात, वाजवी मुदतीत कमी निर्बंधांची, समाजात वसलेली निवासव्यवस्था उभी करण्याची जबाबदारी तो शासनावर टाकतो. कलम १८ मध्ये अर्धमार्ग गृहे (रुग्णालय आणि स्वतःचे घर यांच्या मधला तात्पुरता निवास), आश्रयस्थाने आणि आधारासह निवास यांचा सेवांच्या यादीतच समावेश आहे, आणि दीर्घकालीन रुग्णालयवास हा अपवाद म्हणून, कमीत कमी काळासाठी आणि समाजातले उपचार करून पाहिल्यावर अखेरचा उपाय म्हणूनच असावा, असेही त्यात म्हटले आहे. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केलेल्या दिव्यांग हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातही हेच आहे. तेव्हा मी आपल्याकडे दया मागत नाही. झालेल्या कायद्याची अंमलबजावणी मागते आहे.

राज्यात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. मंजूर खाटांची जी संख्या आम्ही सारे वर्षानुवर्षे वापरत आलो ती अनुक्रमे २,५४०, १,८५०, ९४० आणि ३६५ अशी, म्हणजे एकूण ५,६९५. नागपूरचे रुग्णालय १८६४ मधले आणि ठाण्याचे १९०१ मधले. त्या काळी त्यांना ‘वेड्यांचे इस्पितळ’ म्हणत, आणि ती बांधताना माणूस बाहेर कसा जाईल यापेक्षा तो बाहेर जाऊ नये याचाच विचार झाला होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत ४३ सरकारी मनोरुग्णालयांमधील ३६.२५ टक्के रहिवासी एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ तेथेच असल्याचे आढळले. या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, तेव्हा आपल्या चार रुग्णालयांत दहा-दहा वर्षांहून अधिक काळ राहिलेल्यांचा प्रश्न न्यायालयापुढे आला. आमच्यासारख्यांना त्यात नवे काही नव्हते. रोजच्या गणतीत आम्ही ती माणसे मोजतच होतो.

इतकी वर्षे आत राहिल्याने माणसाचे काय होते, हे फाइलमध्ये लिहिलेले नसते. ज्यांच्या फाइलवर मी अकरा शेरे लिहिले त्या बाई अखेर एका भाड्याच्या घरात राहायला गेल्या. तेथे पहिल्या दिवशी त्यांना ‘चहात साखर किती?’ असे विचारले, तर त्यांना उत्तर देता आले नाही. वॉर्डात चहा मोठ्या पातेल्यातून साखर घालूनच येतो. त्यामुळे आपल्याला किती गोड लागते हे ठरवण्याचा प्रसंग त्यांच्यावर त्या सगळ्या वर्षांत आला नव्हता. त्यांना एक छोटे कपाट मिळाले, तर पहिले काही आठवडे त्या रात्री उठून त्यातले कपडे जागेवर आहेत का ते पाहत. वॉर्डातले कपडे धुलाईहून गठ्ठ्याने येतात आणि ज्याला जे मिळेल ते तो घालतो, हे मी रोज पाहिले होते. पण त्याचा असा काही परिणाम होत असेल हे माझ्या डोक्यात आले नव्हते. या बाईंना मी तपासणीच्या अहवालांत वारंवार ‘उदासीन, स्वतःहून काही करत नाही’ असे लिहिले होते. स्वतःहून करण्यासारखे तेथे काय होते, हा प्रश्न त्या अहवालाच्या छापील नमुन्यात नव्हता आणि मीही तो विचारला नाही.

आजाराची लक्षणे औषधांनी कमी होतात. संस्थेत राहून जे अंगी मुरते ते औषधांनी जात नाही, आणि संस्थेत राहून तर जाऊच शकत नाही. म्हणून ‘आधी पूर्ण तयारी होऊ द्या, मग बाहेर पाठवू’ हा आमचा नेहमीचा युक्तिवाद मला आता उलटा वाटतो. व्यवसायोपचार विभागात पाकिटे चिकटवायला शिकल्याने कोणाला भाजीवाल्याकडून सुटे पैसे मोजून घेता येत नाहीत. ते भाजीवाल्याकडे जाऊनच येते.

पर्याय कसा असावा यासाठी फार दूर पाहण्याची गरज नाही. चेन्नईच्या ‘द बनियन’ या १९९३ पासून काम करणाऱ्या संस्थेने ‘होम अगेन’ हा उपक्रम सुरू केला. त्यात वस्तीतली साधी घरे भाड्याने घेतली जातात. चार-पाच जणी, शक्यतो आपापली निवड करून, एकत्र राहतात. सोबतीला गरजेप्रमाणे दिवसरात्र किंवा येऊनजाऊन आधार देणारी सहायक असते, जी बहुधा त्याच परिसरातली असते. आणि औषधोपचार, बँकेचे काम, एखादा छोटा रोजगार यांकडे लक्ष देणारी दुसरी व्यक्ती ठरलेल्या दिवशी येते. हा उपक्रम तामिळनाडूबाहेर पसरला आणि महाराष्ट्रात रत्नागिरीतही पोहोचला. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘तराशा’ या २०११ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाने वेगळी वाट घेतली : मनोरुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांसाठी निराळी वास्तू न उभारता त्यांना नोकरदार स्त्रियांच्या वसतिगृहांत जागा मिळवून दिली आणि कामासाठी तयार केले. कर्जतच्या ‘श्रद्धा’ संस्थेने रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्णांना उपचारांनंतर त्यांच्या गावी पोहोचवण्याचे काम केले, ज्यासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांना घर आहे त्यांना घरी पोहोचवणे हा पहिला मार्ग, यात वाद नाही. हे पत्र ज्यांचे घर उरलेले नाही त्यांच्यासाठी आहे.

आता माझी भीती सांगते. शासन या विषयात काहीच करणार नाही, असे मला वाटत नाही. न्यायालयांचा रेटा असा आहे की काहीतरी करावेच लागेल, आणि नेमके त्या ‘काहीतरी’चे मला भय वाटते. वकील गौरव कुमार बन्सल यांच्या याचिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ पासून राज्यांना पुनर्वसनगृहे उभारण्यास सांगितले. उत्तर प्रदेशाने काय केले, तर जिल्ह्याजिल्ह्यांतल्या असलेल्या वृद्धाश्रमांनाच नवे नाव दिले. न्यायालयाने ते पालन म्हणून मान्य केले नाही. आपल्या राज्याची गोष्ट याहून लाजिरवाणी आहे. बऱ्या झालेल्या व्यक्तींना मनोरुग्णालयांतून भिक्षेकरी गृहांसारख्या ठिकाणी हलवले जात असल्याचे जुलै २०२१ मध्ये न्यायालयाच्या निदर्शनास आले आणि हे कायद्याच्या हेतूविरुद्ध आहे, ते तत्काळ थांबवा, असे न्यायालयाला महाराष्ट्राला सांगावे लागले. खाट रिकामी झाली, आकडा कमी झाला, आणि माणूस एका भिंतीआडून दुसऱ्या भिंतीआड गेला.

मध्यंतरी अशाच एका प्रस्तावित पुनर्वसनगृहाचा मसुदा माझ्या पाहण्यात आला. त्यात खाटांमधले अंतर होते, कुंपणाच्या भिंतीची उंची होती, सीसीटीव्ही कॅमेऱ्यांची संख्या होती, आहाराचा आठवड्याचा तक्ताही होता. स्वयंपाक कोण करणार, बाजारात कोण जाणार, रात्री दाराची कडी आतून लागणार की बाहेरून, यातले काही नव्हते. पन्नास जणांची इमारत गावाबाहेरच्या स्वस्त जागेत बांधली की ती लहान मनोरुग्णालयच होते, फक्त तेथे मनोविकारतज्ज्ञ नसतो. सुशिक्षित वर्तुळात ‘समाजाधारित’ हा शब्द अलीकडे फार उदारपणे वापरला जातो. पत्ता शहराच्या हद्दीत आला की व्यवस्था समाजाधारित झाली, असे नसते.

घाईने आणि काटकसरीच्या हेतूने केलेल्या स्थलांतराचे परिणाम काय होतात ते दक्षिण आफ्रिकेत दिसले आहे. गौतेंग प्रांताच्या आरोग्य विभागाने २०१५ मध्ये ‘लाइफ एसिडिमेनी’ या दीर्घ मुदतीच्या काळजी केंद्रांशी असलेला करार संपवला आणि दीड हजारांहून अधिक रुग्णांना अल्पावधीत स्वयंसेवी संस्थांकडे हलवले. सांगितलेले धोरण आपल्यासारखेच होते : रुग्णालयातून समाजात. प्रत्यक्षात त्या संस्थांकडे वैध परवाने नव्हते, पुरेसे कर्मचारी नव्हते, कित्येकांचे कागदपत्र आणि औषधांच्या नोंदी सोबत आल्या नाहीत. भूक, थंडी आणि दुर्लक्ष यांनी १४४ माणसे मेली. माजी उपसरन्यायाधीश डिकगांग मोसेनेके यांच्या लवादाने २०१८ मध्ये त्याचा निवाडा दिला. मनोरुग्णालये बंद करण्याला विरोध करणारे हे उदाहरण हमखास पुढे करतात. माझ्या दृष्टीने ते मनोरुग्णालये चालू ठेवण्याच्या बाजूचे उदाहरण नाही. पैसा, माणसे आणि देखरेख माणसाच्या आधी नव्या पत्त्यावर पोहोचली पाहिजे, एवढेच ते सिद्ध करते. इटलीतील त्रिएस्ते येथे मनोविकारतज्ज्ञ फ्रँको बासाग्लिया यांनी सत्तरच्या दशकात हाच क्रम पाळला होता. तेथे वस्त्यांमधली मानसिक आरोग्य केंद्रे उभी राहत गेली तसतसे जुने रुग्णालय रिते होत गेले, आणि मनोरुग्णालये टप्प्याटप्प्याने बंद करणारा इटलीचा १९७८ चा कायदा त्यातून आला.

म्हणून माझी पहिली मागणी आकाराबद्दल आहे. एका घरात पाचपेक्षा, फार तर सहापेक्षा अधिक जण नकोत, आणि एकाच आवारात अशी दहा घरे ओळीने नकोत. ही संख्या मी हौसेने धरलेली नाही. पाच जणांचा स्वयंपाक घरातल्या गॅसवर होतो. पंधरा जणांसाठी स्वयंपाकी लागतो, स्वयंपाकी आला की वेळापत्रक येते, वेळापत्रक आले की घंटा येते. त्यानंतर साखर किती हे कोणी कोणाला विचारत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. आज रुग्णालयाला पैसा खाटेमागे मिळतो आणि माणूस बाहेर पडला की तो पैसा त्याच्यासोबत जात नाही. तो गेला पाहिजे. घरभाडे, किराणा, सहायकांचे पगार आणि औषधे यांसाठी दरमहा, माणशी, ठरलेल्या तारखेला जमा होणारी रक्कम हवी. स्वयंसेवी संस्थांना अनुदान वर्ष-दीड वर्ष थकल्यावर मिळते, हे आपल्यापैकी कोणालाही मी नव्याने सांगायला नको. वृद्धाश्रम किंवा शाळा त्या काळात कशीबशी तग धरते, पण घरमालक दीड वर्ष थांबत नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे मासिक अर्थसाहाय्य हे त्या व्यक्तीच्या हातखर्चाला आहे, ते घर चालवण्याच्या हिशेबात धरू नये. आणि ते मिळवण्यासाठी लागणारे रहिवासाचे, उत्पन्नाचे, दिव्यांगत्वाचे दाखले, आधार कार्ड, बँक खाते ही कामे रुग्णालयात असतानाच पूर्ण व्हावीत. ज्या बाईचे नाव नोंदवहीत ‘अनोळखी महिला’ आणि पुढे एक क्रमांक एवढेच आहे, तिचा रहिवासी दाखला तहसील कार्यालयातून काढण्यासाठी मी एकदा चौदा महिने हेलपाटे घातले आहेत. त्या दाखल्याच्या अर्जात ‘सध्याचा पत्ता’ या रकान्यात मनोरुग्णालयाचा पत्ता चालत नाही, असे मला सांगण्यात आले होते. ती तेथे सतरा वर्षे राहत होती.

सहायकांबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण सगळी व्यवस्था त्यांच्यावर उभी असते आणि शासकीय मसुद्यांत त्यांना एक ओळ मिळते. हे काम कक्षसेवकाचे नाही आणि परिचारिकेचेही नाही. दुसऱ्याच्या घरात राहून त्याचे घर त्याचेच राहू देणे, हे फार अवघड कौशल्य आहे. ‘मावशी, मी करते, तुम्ही बसा’ असे म्हणणारी सहायक मायाळू असते, पण अशा मायेने वर्षभरात घराचा वॉर्ड होतो. त्यांना प्रशिक्षण हवे, किमान वेतन हवे, सुट्टी हवी, आणि रात्री दोन वाजता कोणी अस्वस्थ झाले तर ज्या नंबरवर खरोखर कोणी फोन उचलते असा नंबर हवा. तब्येत बिघडल्यास रुग्णालयात काही दिवस दाखल होऊन पुन्हा त्याच घरी, त्याच पलंगावर परत येण्याची हमी लेखी असावी. माझा विरोध रुग्णालयाला नाही. तीव्र अवस्थेत रुग्णालय लागतेच, आणि दीर्घकाळ अडकलेल्या खाटा मोकळ्या झाल्या तर ते अधिक चांगले रुग्णालय होईल.

एक चूक मला येथे नोंदवायची आहे. नोकरीच्या मधल्या काळात एका स्थिर रुग्णाला मी एका आश्रमात पाठवले. जागा स्वच्छ होती, चालक सज्जन होते, आणि माझ्या मासिक अहवालात ‘पुनर्वसन : १’ अशी नोंद झाली. त्यांच्यासोबत पंधरा दिवसांची औषधे आणि माझ्या हातची एक चिठ्ठी दिली. पुढची औषधे कोण आणून देणार हे मी ठरवले नव्हते, कारण ते ठरवणे कोणाचेच काम नव्हते. तीन महिन्यांनी ते गृहस्थ आश्रमातून निघून गेल्याचे कळले. ते कोठे गेले हे मला आजतागायत कळलेले नाही. कायद्याच्या कलम ९८ मध्ये डिस्चार्जचे नियोजन संबंधित व्यक्तीशी चर्चा करून करावे असे आहे. तो कायदा तेव्हा नव्हता. पण त्यांना ‘तुम्हाला तेथे जायचे आहे का’ असे विचारायला मला कायदा लागायला नको होता.

हरकती मला ठाऊक आहेत. शेजारी विरोध करतील. करतातही, सोसायटीची सभा बोलावली जाते, ना-हरकत दाखला अडवला जातो, पोलीस पडताळणीच्या अर्जावर उगाच शेरे पडतात. अशा वेळी भाडेकरार संस्थेच्या एकट्या कार्यकर्तीने सांभाळायचा की जिल्हा प्रशासनाने तिच्या मागे उभे राहायचे, हे आपण परिपत्रकाने ठरवू शकता. कर्मचारी संघटनांना नोकऱ्या जाण्याची चिंता आहे आणि ती रास्त आहे. या घरांवर देखरेख, घरभेटी, प्रशिक्षण यांत त्यांचा अनुभव लागणारच आहे, तो मागून घ्यावा. येरवडा आणि ठाण्यासारख्या ठिकाणच्या जमिनीवर अनेकांचा डोळा आहे, त्यामुळे रुग्णालय रिकामे करण्याची भाषा ऐकली की जुन्या लोकांना शंका येते. मलाही येते. त्या जमिनीतून कधी काही मिळाले तर ते मानसिक आरोग्यासाठीच खर्च होईल, असे आधीच लिहून ठेवावे.

कुटुंबांना मात्र दोष देऊ नये. दोन खोल्यांत सहा माणसे राहणारा, रोजंदारीवर जाणारा भाऊ बहिणीला नेत नाही, तेव्हा त्याच्यावर ‘टाकून दिले’ असा शिक्का मारणे सोपे असते. असे अनेक भाऊ बहिणीला वेगळे घर मिळाल्यावर सणाला डबा घेऊन येताना मी पाहिले आहेत. नाते नव्हते असे नाही. जबाबदारी एकट्याच्या अंगावर पडेल, या भीतीने ते लपून बसले होते.

या सर्वासाठी सार्वजनिक आरोग्य विभाग दिव्यांग कल्याण विभागाकडे आणि तो विभाग परत आरोग्य विभागाकडे पत्र पाठवत राहील, असे होऊ नये म्हणून हे पत्र मी आपणा सर्वांना एकत्रच पाठवत आहे. सुरुवात एका यादीने व्हावी. चारही रुग्णालयांत आज अशा किती व्यक्ती आहेत ज्यांच्या मुक्कामाचे एकमेव कारण ‘सबब’ या शब्दानंतर लिहिलेले आहे, त्यांची संख्या, नावे न देता, मुक्कामाच्या वर्षांसह प्राधिकरणाने येत्या तीन महिन्यांत जाहीर करावी आणि दर सहा महिन्यांनी अद्ययावत करावी. पहिली घरे ज्यांना पाठवणे सोपे आहे त्यांच्यासाठी काढू नयेत; जे सर्वांत जास्त काळ आत आहेत, ज्यांच्या फाइल्स सर्वांत जाड आहेत, त्यांच्यापासून आरंभ करावा. त्या यादीच्या कामासाठी एखादी निवृत्त, विनावेतन समाजसेवा अधीक्षक उपयोगी पडणार असेल तर मी कोणत्याही दिवशी येण्यास तयार आहे. बहुतेक फाइल्समधले हस्ताक्षर मला वाचता येईल.

आपली नम्र,
एक निवृत्त समाजसेवा अधीक्षक